बियाण्याच्या शेंगा आणि हॉकी

कच्च्या भुईमुगाचा मातकट वास आला की बोरी गावातल्या आमच्या घराची ओसरी आठवते. पेरणीआधी बियाण्याच्या शेंगा आम्ही सगळे तिथं बसून फोडायचो आणि आत्या रेडिओवर हॉकीची कॉमेंट्री लावायची. एका दुपारी भारताच्या कोचनं नव्या फॉरवर्डला बाहेरच बसवलं होतं. "ते पोरगं वाऱ्यावानी पळतंय, अन् ह्यो दमलेल्या कॅप्टनलाच पळवायलाय," आत्या चिडली. रागाच्या भरात तिचे दाणे सुपाऐवजी टरफलांत पडत होते, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. शेवटी ते पोरगं उतरलं, त्यानं गोल केला आणि आत्या निवली. टरफलं उकिरड्यावर गेली. पावसाळ्यात उकिरड्यावर भुईमूग तरारला. आत्या हसत म्हणाली, "हे त्या कोचचं पीक हाय." आता टीव्हीवर हॉकी बघताना मीही कोचवर चिडतो, पण शेंगांचं ताट आधी बाजूला सारतो.