चार बोटं जागा

माझा नवरा माझ्याहून बुटका होता. फार नाही, पण लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरनं त्याला पायरीवर उभं केलं आणि मला खाली, इतका. त्याला त्याचं काही वाटत नसे. मला वाटत असे. शाळेत, बसमध्ये, नातेवाइकांच्या घोळक्यात मी नेहमी किंचित वाकून उभी राहायचे. दार दिसलं की माझी मान आपोआप खाली जाते, दार कितीही उंच असलं तरी.

निवृत्त झाल्यावर त्यानं सात वर्षं जुनी डिझेलची व्हॅन घेतली. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्याची सारी नोकरी नकाशे तपासण्यात गेली होती, आणि त्या नकाशांवरच्या बहुतेक जागा त्यानं टेबलाशी बसूनच पाहिल्या होत्या. आता व्हॅनमध्ये पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवायची, खालचे स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी दगडधोंड्यांवरून जाईल इतकी उचलून घ्यायची आणि हिमालयात निघायचं, असा बेत होता. दिल्लीत डिझेलच्या गाडीला दहा वर्षांचं आयुष्य. त्यानंतर ती दुसऱ्या राज्यात न्यायची, नाहीतर भंगारात घालायची.

“तीन वर्षं आहेत आपल्याकडे,” तो म्हणाला. “भरपूर झाली.”

पहिली फेरी मात्र पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला करायची असं त्याचं ठरलं होतं. दर जानेवारीत आम्ही दिल्लीतल्या मराठी लोकांच्या बसमधून तिथे जायचो. एकदा तरी स्वतःच्या गाडीनं पानिपतावर जाऊन धडपणे परत येऊन दाखवू, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता.

मी फक्त एक अट घातली होती, तीही थट्टेत. म्हटलं, तुझ्या व्हॅनमध्ये मी वाकून चहा करणार नाही. काही दिवसांनी मी ओट्याशी पोळ्या करत होते, तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला. हातात टेप होती.

“सरळ उभी राहा जरा.”

“सरळच आहे.”

“नाहीस,” तो म्हणाला, आणि दोन खांद्यांच्या मधोमध त्यानं तळहात ठेवला. मी ताठ झाले. त्यानं टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरली. चपला काढू का, असं मी विचारलं, तर म्हणाला, “राहू दे. गाडीत अनवाणी थोडीच असणार?”

मग व्हॅनचा मूळ पत्र्याचा टप कापला गेला आणि फायबरचा उंच टप बनवून आला. हातगाडीवरून तो सोसायटीत आला तेव्हा उलट्या ठेवलेल्या होडीसारखा दिसत होता. काम आमच्या इमारतीमागच्या पार्किंगमध्येच चालायचं. सोसायटीचे सेक्रेटरी रोज संध्याकाळी फिरताना तिथे थांबत.

“भाईसाहब, ये गाड़ी है या दूसरा मकान?”

“दूसरा मकान. इसमें मेंटेनेंस नहीं लगता.”

टप बनवायला टाकण्याआधी त्यानं आमच्या गेटवरची आडवी तुळई मोजली होती. तुळई काँक्रीटची, तिच्यावरून दोन इमारतींचा पाण्याचा मोठा पाइप जातो. टप आणि तुळईमध्ये चार बोटं जागा राहील असं माप त्यानं काढलं. टप बसल्यावर एका रविवारी त्यानं व्हॅन गेटाखालून बाहेर काढली, रस्त्यावर वळवली आणि परत आत आणली. मी बाल्कनीतून पाहत होते. तुळईखालून येताना त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून चार बोटं दाखवली.

त्यानंतर तो आजारी पडला. हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल, यात पावसाळा गेला. त्या काळात रस्त्याचं पाणी गेटातून आत यायला लागलं, म्हणून सोसायटीनं गेटातल्या चढावर काँक्रीटचा नवा थर घातला. जुना खरवडायची पद्धत आपल्याकडे नाही. जुन्यावरच नवा. जाता-येता चढ किंचित जास्त लागतो असं मला एकदा वाटलं होतं, पण तेव्हा सगळंच जास्त लागत होतं.

दिवाळीच्या आधी तो गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नागपूरचे पाहुणे परतले, आणि हवा खराब झाली. त्या हवेत दारं-खिडक्या बंद करून बसायचं असतं. आम्हाला मूलबाळ नाही. निवृत्त शिक्षिकेला कुणी कुठे बोलवत नाही. मी पुस्तक घेऊन दुपारी खाली व्हॅनमध्ये जाऊन बसू लागले. पुस्तकांसाठी त्यानं एक फळी केली होती, वळणावर पुस्तकं पडू नयेत म्हणून तिला आडवी सळई लावली होती. फळीच्या टोकाला नागपूरहून आणलेल्या छोट्या बुद्धमूर्तीसाठी खोबण होती. शेगडी बसवलेली होती, पण पेटवली कधीच नव्हती. मीही पेटवली नाही.

गाडीची खिडकी आमच्या कुंपणाच्या भिंतीकडे उघडते. भिंतीवर ओलीची एक लांब रेघ आहे. मी नेहमीच्या जागी बसले की ती रेघ बरोबर खिडकीच्या खालच्या कडेवर येई. पानं उलटता उलटता मी तिच्याकडे बघत राही. वर बंद घर, खाली बंद गाडी, आणि मधे जिना. यातून कुठे जायचं ते मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जावंसंही वाटत नव्हतं.

गाडीची दहा वर्षं भरत आली तशी धाकट्या दिरानं फोनवर विषय काढला. तो नागपूरला असतो. गाडी माझ्या नावावर झाली होती, दिल्लीबाहेर न्यायची परवानगीही मिळाली होती. तो म्हणाला, मी येतो आणि चालवत नेतो, इथे अंगणात उभी राहील, तुम्ही याल तेव्हा तुमचीच. भंगारापेक्षा ते बरं होतं. मी हो म्हटलं. काही झालं तरी ती जशी त्यानं केली तशी राहावी, एवढंच मला हवं होतं.

दीर आला, गाडी सुरू केली, गेटाशी नेली. चढावर पुढची चाकं चढली आणि गार्ड ओरडला. टप तुळईला टेकला होता. दिरानं गाडी मागे घेतली, चारी चाकांतली बरीचशी हवा सोडली आणि पुन्हा नेली. तरी बोटभर अडकतच होती.

तो उतरून तुळईकडे बघत राहिला. “दादाचं माप चुकलं, वहिनी.”

सेक्रेटरीही आले होते. त्यांचंही तेच मत पडलं, आणि त्यांनी ते फार हळुवारपणे सांगितलं, म्हणून जास्त लागलं. मी त्यांना गेटाच्या खांबाचा पाया दाखवला. पूर्वी त्याच्या दोन पायऱ्या दिसायच्या, आता एकच दिसत होती, दुसरी नव्या काँक्रीटखाली गेली होती. माप बरोबर होतं, जमीन वर आली होती. सेक्रेटरींनी वाकून पाहिलं आणि ते मान्यही केलं. पण मान्य केल्यानं गाडी बाहेर निघत नव्हती. पाइपामुळे तुळईला हात लावता येत नव्हता, आणि चढ फोडायचा तर सगळ्या सभासदांची सभा घ्यावी लागली असती. तोवर दहा वर्षं उलटून गेली असती.

“घरातच पानिपत झालं,” दीर म्हणाला, आणि लगेच ओशाळला.

मग त्यानं अंगावर घेतल्यासारखं सांगितलं की टप कापू. फॅब्रिकेशनवाल्याला सकाळी बोलावतो, वर साधा पत्रा मारून घेऊ, नागपुरात हवा तर दुसरा बसवू. तो चांगला माणूस आहे, त्याचं काही चुकत नव्हतं. मी होकारार्थी मान हलवली. नाही म्हणावं तर माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता.

गाडी पुन्हा भिंतीशी लावली. मी आत जाऊन नेहमीच्या जागी बसले. उद्यापासून इथे वाकावं लागेल, एवढंच डोक्यात होतं. थोड्या वेळानं दीर आला आणि माझ्यासमोर पलंगावर बसला. तो अंगानं भरपूर आहे. बसताना गाडी कुरकुरली, आणि भिंतीवरची रेघ वर गेली.

मी खिडकीकडे बघत म्हटलं, “भाऊजी, जरा उतरा.”

“काय झालं?”

“उतरा तर.”

तो उतरला. रेघ खाली आली. “आता परत बसा.” तो बसला. रेघ वर. त्यानं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं, पुण्यानुमोदनाच्या वेळी नातेवाईक पाहायचे तसं.

मग मी त्याला रेघ दाखवली. वजनानं गाडी खाली बसत होती.

पुढचं सगळं दिवसाउजेडीच झालं, आणि सगळ्या सोसायटीसमोर झालं. आधी पाण्याची टाकी काठोकाठ भरली. मग दीर माणसं गोळा करायला लागला. सेक्रेटरी स्वतः पहिले चढले. “भाभीजी, पहले बतातीं, तो मैं सुबह चार पराठे और खा लेता.” दुसऱ्या मजल्यावरचे बंगाली पती-पत्नी आले. शेजारच्या सरदारजींना त्यांच्या बायकोनं पुढे ढकललं, म्हणाली, आज पहिल्यांदा यांच्या पोटाचा कुणाला उपयोग होतोय. पलंगावर, पलंगाखालच्या खणावर, पुढच्या सीटवर माणसं दाटीवाटीनं बसली. कुणीतरी बुद्धाची मूर्ती मांडीवर घेतली. ही गाडी दोघांसाठी होती.

मी खाली गेटाशी उभी होते. गार्डनं हात वर करून पाहिलं आणि सांगितलं, बस थोड़ा सा और.

“वहिनी, तुम्हीच राहिलात,” दीर म्हणाला.

बसायला जागा उरलेली नव्हती. शेगडीसमोर तेवढी मोकळी जागा होती, एका माणसानं उभं राहण्यापुरती. मी चढले आणि तिथे उभी राहिले. दार लावून घेतलं. गाडी मुंगीच्या पावलानं चढावर आली. तुळई दिसत नव्हती, पण डोक्यावर आली ते कळलं, कारण आतला उजेड कमी झाला. माझी मान खाली जायला लागली होती. मी ती तशी जाऊ दिली नाही. वर टपावर काहीतरी हळूच खरवडत गेलं, पुढून मागे, माझ्या केसांच्या भांगावरून जावं तसं. मग उजेड आला आणि बाहेर गार्डनं पत्र्यावर थाप मारली.

लोक टाळ्या वाजवत उतरले. एकेक माणूस उतरलं तशी गाडी वर येत गेली. नवऱ्यानंच गाडीत ठेवलेल्या पंपानं दिरानं चाकांत हवा भरली, नळ उघडून टाकीतलं निम्मं पाणी सोडलं. आता गाडीकडे आणि तुळईकडे बघतानाच कळत होतं की ती परत आत जाणार नाही.

“उतरताय ना?” दिरानं विचारलं.

मी म्हटलं, दिल्लीबाहेर परी चौकापर्यंत येते, तिथून मेट्रोनं परत येईन.

एक्स्प्रेसवे सुरू होण्याआधी, रस्त्याकडेला त्यानं गाडी थांबवली. मी शेगडी पेटवली. पहिल्यांदा पेटायला तिनं वेळ घेतला. टाकीच्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास होता. मी चहा टाकला आणि तो उकळेपर्यंत उभी राहिले, पायांत चपला, पाठ सरळ. मग हात वर नेऊन पाहिलं. डोकं आणि टप यांच्यामध्ये बोटं घालून मोजली. चार होती. दीर पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होता.

चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, “चला ना नागपूरला. घरी एकट्या काय करणार?”

“घर बंद करून आले नाही,” मी म्हटलं.

ते खरं नव्हतं. कुलूप घातलेलं होतं.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी थांबले. टपावर पुढून मागे एक पांढरा ओरखडा होता, तो बराच वेळ दिसला. मग मेट्रोनं परतले, एकदा गाडी बदलली, मयूर विहारला उतरले, चालत आले. संध्याकाळ झाली होती. सेक्रेटरी फिरायला निघाले होते, त्यांनी लांबूनच हात केला. चढावर टाकीच्या पाण्याची ओल अजून होती. गेटाखाली आले आणि माझी मान आपोआप खाली गेली. वर कितीतरी जागा होती.