हेलासकट

"थांबा. हे कोणाचं बोलताय?"

समोरचं माणूस दोन वाक्यं बोललं की सरांचा तळहात वर व्हायचा आणि हा प्रश्न यायचा. वाहतूक पोलीस ट्रक अडवतो तसा तो हात. बोलणारं माणूस गोंधळून मागे बघायचं, आपल्या पाठीशी कोणी उभं आहे की काय.

"तुमचं बोला, तुमचं. हे पेपरातलं झालं."

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. दुसऱ्याच्या भल्यासाठी झटतो आणि ज्याच्या भल्यासाठी झटतो त्याच्याशीच भांडतो. असा माणूस नजरेआड झाला की लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलायला लागतात. मला ते जमणार नाही. मी त्यांच्याकडे नोकरी केली आणि त्या काळात ते मला एक दिवसही आवडले नाहीत.

रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे, एका दुकानाच्या माळ्यावर त्यांची खोली होती. भिंतींना काथ्याच्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीला घोंगडी. पॉडकास्टचं नाव 'आयका'. 'ऐका' नाही, 'आयका'. ज्यांचं कोणी ऐकत नाही अशा माणसांना बोलतं करायचं, असं त्यांचं काम. काजू फोडणाऱ्या, खाडीत कालवं काढणाऱ्या बायका, बागेत राखणीला राहिलेले नेपाळी. पैसे एक संस्था देत असे. माझं काम रेकॉर्डिंग सांभाळायचं आणि नको ते कापायचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. आमच्या शाळेतल्या बाईंनी मला वर्गापुढे उभं करून 'पानी'चं 'पाणी' करून घेतलं होतं. जीभ टाळूला लागेपर्यंत त्या सोडत नसत. त्या 'ण'वर मी वक्तृत्वात बक्षिसं मिळवली, कॉलेजात गेले, मुलाखतीत घाबरले नाही. बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. आणि पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी मला एक परिच्छेद वाचायला लावला आणि म्हणाले, "छान इस्त्री केलीय. आता चुरगळ."

मी घरी येऊन रडले. मग ठरवलं, या माणसाकडून पगार घ्यायचा, बाकी काही घ्यायचं नाही.

लोकही त्यांना फार सोसत नसत. राजिवड्याच्या एका म्हाताऱ्या खलाशाला त्यांनी इतक्या वेळा थांबवलं, की त्याने कानावरचे हेडफोन काढून त्यांच्याच डोक्यावर चढवले. म्हणाला, "उभा जन्म कॅप्टनच्या शिव्या खाल्ल्या, बाबा. पण तो पण माणसाला वाक्य पुरं करू द्यायचा." आणि चहा न घेता उठून गेला. सरांना वाटलं, काम उत्तम झालं. "शेवटचं वाक्य मिळालं ना?" मला विचारतात. त्यांना माणूस गेल्याचं काही नसे, वाक्य राहिलं पाहिजे.

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला एका गावात काजूचा छोटा कारखाना आहे. तिथल्या एका काकीकडे आम्ही गेलो तो दिवस मला सगळा आठवतो. काकी पन्नाशी ओलांडलेली, बारीक, उभी राहिली तरी भांडायला उभी राहिल्यासारखी दिसणारी. नवी साडी नेसून पडवीत बसली होती. मी माइक पुढे धरला. तिने घसा साफ केला.

"व्यासपीठावर उपस्थित सर्व मान्यवर आणि माझ्या बंधुभगिनींनो."

हात वर.

"कुठलं व्यासपीठ? इथं तुम्ही, ही मुलगी आणि ती कोंबडी."

"कोंबडी मान्यवरच हाय. ती अंडी घालते. तुमी काय घालताव?"

सर खूश. "हां! हे तुमचं! असंच बोला."

चूक झाल्यासारखा काकीने पदर सारखा केला आणि पुन्हा सुरू झाली. ही भाषा तिने बचत गटाच्या कार्यक्रमांत बसून उचललेली होती. "तर मी असं नमूद करू इच्छिते, की काजू कामगार भगिनींच्या हस्तांना..."

"हस्तांना? घरी हस्त म्हणता?"

"घरी काय पन म्हनीन!" काकीचा आवाज असा चढला की मी माइक मागे घेतला. "शेटकडं हातमोजं मागायला गेलो चौघीजनी. माज्या तोंडातनं 'मोजं' शब्द पुरा निघाला नाय, तवर आत बसलेली मानसं हसाया लागली. नाटकात आमच्यासारखं कोन बोलतं? गडी. मोलकरीन. ती रंगमंचावर आली की लोकं हसाया तयारच. आनि सायब बोलतो तो शुद्ध. मग माजं खरं कोन धरील? मना शुद्धच बोलायचंय."

"हसतात म्हणूनच तसं बोलायचं!" सर आता तिच्याहून मोठ्याने ओरडत होते. "मला रेडिओवाल्यांनी परत पाठवलं. बोलण्यात हेल आहे म्हणे. मी घरी आरशासमोर बसून तो हेल खरवडून काढला. पुन्हा गेलो, तरी नाही घेतलं. हेल पण गेला आणि रेडिओ पण गेला!"

काकीने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुमचा गेला म्हनून माजा वाजवताव व्हय?"

सरांचा वर निघालेला हात अर्ध्यावरूनच खाली आला. तो हात असा परत आलेला मी त्याआधी बघितला नव्हता, आणि मला आनंद झाला हे लपवून काय करू?

मग काकीच बोलायला लागली. माइककडे नाही, आपल्या हातांकडे बघत. व्यासपीठ गेलं, मान्यवर गेले. काजूच्या सालीतलं तेल बोटांना लागतं, कातडी काळी पडते आणि सोलून निघते. कामाला बसण्याआधी राख चोळायची, तेवढाच आडोसा. मिरचीचं कालवण हाताने जेवता येत नाही. नातू विचारतो, आजी, तू चमच्यानं का जेवतेस, सायबीण झालीस काय? रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा उठत नाही. "दुकानदार म्हनतो, काकी, मी वळकतो तुला, पन मशीन म्हनतंय तू ती नव्हंस. आता मशीनीला मी काय सांगू? कोनाला आनू साक्षीला? मोजं द्या, येवडंच म्हननं हाय. शेडात बसनाऱ्या समद्यांना द्या."

परतताना मी सरांना म्हटलं, भांडण कापूया. फक्त हातांचं ठेवूया. ते म्हणाले, "सगळं जाईल. माझं ओरडणंसुद्धा."

"लोक हसतील, सर."

"मला हसू देत."

काकीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "टाका. पन हातांचं काढलाव तर बघा."

आम्ही हातांचं काढलं नाही. दुसऱ्याच कोणी काढलं. त्या भागातला कोंबडी मान्यवरचा तेवढा तुकडा कोणीतरी उचलला, मागे कोंबडीचं कॉक कॉक टाकलं, सिनेमातलं हसू टाकलं, आणि त्याची रील झाली. रत्नागिरीत फिरली, मुंबईच्या चाकरमान्यांनी गावच्या ग्रुपवर पाठवली. माझ्या मावसभावाने मलाच पाठवली, खाली हसून रडणारे चेहरे. त्यात काकीचे हात कुठेच नव्हते.

शेटनेही बघितली. काकीनेच मला हे नंतर सांगितलं. माल बघायला बाहेरगावचे व्यापारी आले होते. शेटने तिला शेडमधून बोलावलं. "काय गो, ष्टार झालीस. म्हण बघू एकदा, ते कोंबडीचं." नोकरी होती, म्हणून तिने म्हणून दाखवलं. व्यापारी पोट धरून हसले. शेटने तिला मूठभर काजू दिले. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर गेली नाही.

मी सरांवर तुटून पडले. "मी सांगितलं होतं! तुम्हाला माणूस नको असतो, वाक्य हवं असतं. घ्या, वाक्य राहिलं!" ते खुर्चीत बसून ती रील जिथे जिथे दिसेल तिथे खाली लिहीत होते, 'पूर्ण ऐका, ती हातांबद्दल बोलतेय.' लोक उत्तरादाखल त्यांना शिव्या देत होते. ते प्रत्येक शिवी वाचत होते आणि पुन्हा तेच लिहीत होते. मला दया यायला हवी होती. मला राग आला. म्हटलं, इथे बसून काय टाइप करताय, तिच्या दारात जा.

ते उठले. स्कूटर काढली. मी मागे बसले.

काकी दारातच उभी राहिली. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. आमच्याकडे शत्रूलाही पाणी विचारतात, तेव्हा काय ते समजा.

"आता काय ऱ्हायलंय घेयाचं?"

सर म्हणाले, "शेडमधल्या बायकांनी ऐकलंय का?"

"ऐकलंय की. कोंबडीचं."

"सगळं?"

"सगळं ऐकाया नेटपॅक कोन मारनार? तुमी?"

सरांनी खिशातून आपला फोन काढला. काकीचा भाग लावून, थांबवून, फोन तिच्यापुढे धरला. माफी मागितली नाही. त्यांना मागता येत नसे. काकीने फोनकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. फोन घेतला, चपला पायात सरकवल्या आणि आमच्या पुढून ताडताड कारखान्याकडे चालू लागली. आम्ही स्कूटर तिथेच टाकून मागोमाग.

फाटकावर मुकादमाने काकीला अडवलं नाही. आम्हाला अडवलं. "तुमी नाय. तुमच्यापायी काय झालं ते बघितलं ना?"

यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगते. बायकांनी सगळं ऐकल्याचं कळल्यावर शेटने मोजे आणले, पण असे पातळ की दुपारपर्यंत बोटं बाहेर. ते तिसऱ्यांदा फाटल्यावर चौघी नाही, सगळी शेड त्याच्या दारात उभी राहिली, आणि बोलायला काकीच पुढे झाली. ती आता पुन्हा कामावर आहे. जाड मोजे अजून यायचे आहेत. संस्थेने त्या शिव्या वाचून पैसे थांबवले. माळ्यावरच्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. सर कुठे गेले नक्की कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं सोलापूरकडे, ऊसतोड कामगारांत आहेत, तिथेही भांडतायत. त्यांचा नंबर लागत नाही. मला दुसरी नोकरी आहे, तिथे माझ्या शुद्ध बोलण्याचं कौतुक होतं, आणि ते मला अजून गोड लागतं.

पण ते डोळ्यांपुढे येतात ते काकी फोन घेऊन आत गेली त्या दुपारचे. कारखान्याबाहेर चिऱ्याच्या दगडांचा बुटका गडगा आहे, त्यावर ते बसले होते. हातात फोन नाही, तर हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. आतून काजू फोडायच्या मशीनींची खटखट येत होती. मग त्या खटखटीच्या वरून फोनमधला त्यांचाच आवाज आला, तो तारस्वर, आणि शेड हसली. मनमुराद, पाटी उलथावी तशी. बायका त्यांनाच हसत होत्या. त्यांनी मान खाली घातली. मी जवळ जाऊन बसले नाही, उन्हात उभीच राहिले.

हसणं ओसरलं. एक मशीन थांबली. मग दुसरी. मग एकही वाजेना, आणि आत काकीचा बारीक, खालचा आवाज तेवढा चालू राहिला. इतक्या लांबून शब्द कळत नव्हते.

"चार्जिंग पुरंल ना गो?" सरांनी मला विचारलं, खरवडून काढलेल्या त्या हेलात.

आत कोणीतरी फोनचा आवाज वाढवला होता.