माकडाचं पान

मी मूळची वाईची. नोकरी मात्र जिल्ह्याच्या पूर्वेला, दुष्काळी टोकाच्या एका गावात. तिथल्या हायस्कुलात मी विज्ञान शिकवते आणि पटकन तापते. या दोन्ही गोष्टी गावाला एकाच आठवड्यात कळल्या होत्या.

दहावीला उत्क्रांतीचा धडा निम्मा शिकवून झाला आणि रविवार आडवा आला. त्याच दिवशी शाळा समितीच्या अध्यक्षांकडे पित्रं होती. हे घराणं पूर्वी मेंढरांमागं फिरणारं, आता डाळिंबाची बाग लावून बसलेलं. अध्यक्षांची नात माझ्याच वर्गात, भलती हुशार. सगळी भावकी जेवायला बसली, पूर्वजांची पानं वाढून झाली, आणि ही पोर भर पंगतीत म्हणाली, "आबा, एक पान माकडाला बी वाढा की. त्यो बी आपला पूर्वजच हाय. बाईंनी शिकवलंय."

समोर अध्यक्षांचे चुलत भाऊ बसले होते. दोघांचं बांधावरून जुनं वाजलेलं. हातापाया पडून यंदा कसंबसं जेवायला आणलेलं. त्यांनी माकड म्हणजे आपणच असं धरलं. भरल्या पानावरून उठले, आणि त्यांच्यामागं निम्मी पंगत उठली.

सोमवारी प्रार्थना संपायच्या आत अध्यक्ष हेडसरांच्या ऑफिसात हजर. आमचे हेडसर लोणंदचे. माणूस इतका गरीब की शिपायाला घंटा द्यायला सांगतानाही "जमेल तेव्हा" म्हणायचे. मला बोलावून घेऊन ते म्हणाले, "मॅडम, तो धडा मुलं घरी वाचतील. आपण पुढं जाऊ."

माझं डोकंच फिरलं. धडा गाळला असता, तर त्या वर्गानं पुढं जन्मभर माकडाला आजोबाच मानलं असतं, नाहीतर मला खोटारडी. "घरी काय होतं ते काल दिसलंच की," मी म्हणाले. "निम्मंच शिकून झालं म्हणून हा घोळ झाला. तुमची नात चुकली."

नात चुकली म्हटल्यावर अध्यक्ष सावरून बसले. "म्हंजे माकड आमचा पूर्वज न्हाई?"

"नाही. ती भावकी."

"आँ?"

"मूळ पुरुष एकच. कोट्यवधी वर्षांमागं वाटण्या झाल्या. एक फांदी त्यांची, एक आपली. आजचं माकड आपला आजोबा नव्हे, लांबचा चुलतभाऊ."

अध्यक्षांनी बराच विचार केला. "तरीच," ते म्हणाले. "तरीच डाळिंबात घुसतंय. भावकीबिगर एवढ्या हक्कानं कोण घुसतंय?"

हेडसर हसले. अध्यक्ष हसत नाहीत हे बघून गप्प झाले.

"आन् त्या मूळ पुरुषाचं नाव काय?"

"ते कुणालाच ठाऊक नाही."

"मग त्येचं पान वाढतोयच की आमी! ज्येंची नावं ठावं न्हाईत, त्यास्नी बी एक पान असतंय आमच्यात. म्हाताऱ्यानं घालून दिलंय." त्यांनी मांडीवर थाप मारली. "धडा पुरा घ्या बाई. पोरीला नीट समजावा. पुढल्या पित्राला भावाला परत आणायचा हाय."

मला इतकं हायसं वाटलं की त्यांच्यासाठी चहा मीच सांगितला.

चहा झाल्यावर उठता उठता त्यांनी विचारलं, "पुढला धडा कुठला?"

हेडसरांनी डोळे मिटून घेतले. मी सांगून टाकलं, "हवामान बदलाचा. ऊन वाढलंय, पावसाचा मेळ राहिला नाही, ते का. माणसानं कोळसा आणि तेल जाळून जाळून केलंय ते."

अध्यक्ष दारात थांबले. कोणत्या नक्षत्राला कळप हलवायचा, हे त्यांच्या घरात एके काळी कुणाला विचारावं लागत नव्हतं.

"हे बी पूर्वजांनीच केलंय म्हणा."

"थोडं त्यांनी. बरंचसं आपण."

त्यांनी मैदानाकडं पाहिलं. तिथं दहावीची कवायत चालली होती आणि शेवटच्या रांगेत त्यांची नात उभी होती.

"मग त्यो बी पुरा शिकवा, बाई," ते म्हणाले. "आमी बी उद्या पित्रातच जाणार. हिची पोरं आमाला पान वाढतील का पानावरनं उठतील, तेवढं जित्तेपणी कळू द्या."