लाल शाईतली चूक
रक्त तपासायला बोटाला स्पिरिट लावलं की त्या वासाने जालन्याचं कॉलेज आठवतं. पंचाहत्तर-शहात्तर साल असेल. भोकरदनहून बसने येणारी मी, आमच्या घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. प्रॅक्टिकलला सगळे स्वतःच्या रक्ताची स्लाइड करत, आकृती मात्र मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवत. माझं एक बोट बाभळीचा काटा मोडून पिकलं होतं. त्याचंच रक्त मी घेतलं. एका पांढऱ्या पेशीला इवल्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, चिकटून बसलेल्या दिसल्या, तशाच मी काढल्या. सर म्हणाले, "बिंबिकांचं काम रक्त गोठवायचं. जंतूंशी लढणाऱ्या पेशीपाशी त्या काय करून राह्यल्या? खोड, न्हाई तर सही न्हाई." सही नाही तर परीक्षा नाही. मी म्हणाले, "सर, दिसलं तेच काढलं. तुम्ही बघा ना." ते सूक्ष्मदर्शकावर वाकले नाहीत, मी खोडरबर उचललं नाही. सह्यांच्या शेवटच्या दिवशी "हट्टी पोरगी" म्हणत त्यांनी आकृतीवर लाल शाईने 'चूक' लिहिलं आणि खाली सही केली. बिंबिका जंतूंशी लढायलाही मदत करतात, हे पुढे वाचनात आलं. मला दिसलं ते तेच होतं का, मला ठाऊक नाही. पण दिसलं होतं, आणि ते जर्नलमध्ये अजून तसंच आहे.