डब्याचे मार्क

पोरीनं किती घास खाल्ले, हे मास्तर डबा नुसता हातात तोलून सांगायचे. ते शिक्षक नव्हते, अहमदपूर-लातूर गाडीचे कंडक्टर होते. लातूरला क्लासेससाठी राहिलेल्या आम्हा पोरापोरींचे घरचे डबे सकाळच्या गाडीनं त्यांच्या भरवशावर यायचे. स्टँडवर भरलेला डबा घ्यायचा आणि कालचा रिकामा त्यांच्या हाती द्यायचा.

लातुरात गावाकडचं कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, “टेस्टला किती पडले?” मास्तरांनी तो कधी विचारला नाही. “ते मार्क तुमचे सर बघतेत. मी डब्याचे बघतो,” म्हणायचे आणि भाजी तशीच परत देणाऱ्याला सगळ्या स्टँडसमोर नापास करायचे. लाज वाटायची, पण ते आम्हाला आवडायचेही फार.

बारावीला मी सलग चार दिवस डबा जसाच्या तसा परत दिला. मास्तरांनी मला बाकड्यावर बसवलं. मग मी सगळं बोलून टाकलं. आप्पांना मला डॉक्टर करायचंय, गावभर तसं सांगूनही झालंय. मला मात्र गणित शिकवायचंय.

“मग बापाला सांग की.”

“तुम्हीच सांगा ना, मास्तर.”

“न्हाई बाई. माझ्या गाडीत डबा जातो, निरोप जात न्हाई.”

दुसऱ्या दिवशी रिकाम्या डब्यात मी आप्पांना चिठ्ठी घातली. त्याच्या दुसऱ्या दिवशी माझा डबा आलाच नाही. मास्तरांनी आपला डबा उघडून पुढं केला. भाकरी आणि मेथीची भाजी.

“खा. माझं झालंय.”

रडत रडत मी तो संपवला.

पुढच्या सकाळी गाडीतून डबा घेऊन आप्पाच उतरले. “गणित तर गणित,” म्हणाले, “पर जेवत जा.”

आता मी बिलोलीला कॉलेजात गणित शिकवते. आप्पा एका रात्रीत कसे बदलले, हे मी कधी विचारलं नाही. मला माझ्या चिठ्ठीचाच भारी अभिमान होता.

गेल्या महिन्यात मास्तर गेले. त्यांच्या घरी भेटून परतताना आप्पा म्हणाले, “तुझी चिठ्ठी म्या फाडली होती. डबा बी मीच जाऊ दिला न्हाई. संध्याकाळी मास्तर दारात. सोताचा रिकामा डबा माझ्या हातात दिला. म्हनले, ‘तुमच्या पोरीनं आज हा खाल्ला. मी उपाशी हाय. उद्याचं तुम्ही बघा.’”

मला तर ते म्हणाले होते, “माझं झालंय.”