कशावरून मॅडम

गल्लीत कुणी काहीही सांगितलं, की मॅडम एकच विचारायच्या, "कशावरून?" शेजारीण म्हणाली, अमावास्येला माझं डोकं धरतं, तर कशावरून. दूधवाला म्हणाला, म्हशीच्या दुधानं पोरं मठ्ठ होतात, गाईच्या दुधानं हुशार, तर कशावरून. भांडायच्या सुरात नव्हे. मान जरा पुढे काढून, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत. दूधवाला पुढे पुढे त्यांच्या दारात गाडी बंदसुद्धा करेना, दूध ओतायचा आणि पळायचा. गल्लीने त्यांचं नाव कशावरून मॅडम ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, बरोबर आहे की.

त्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. मूळच्या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं. सोलापुरात साखर पेठेत आमच्या समोरच्या खोलीत भाड्याने राहायच्या. मी चौथी शिकलेली, घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना घालणारी. मॅडम रोज दोन भाकऱ्या न्यायच्या, तेवढीच ओळख. मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं काहीतरी, असं मला वाटायचं आणि मी ते तोंडावर विचारलं. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, "वेड्यांचं थोडं, मावशी. आपल्यासारख्यांना जे दिसतं ते खरंच असतं का, त्याचं जास्त."

एकदा मी बोलून गेले, की मंगळवेढ्याची ज्वारी मी डोळे झाकून ओळखते. दुसऱ्या दिवशी मॅडम दोन पिशव्यांत पीठ घेऊन हजर. एक मंगळवेढ्याचं, एक दुसरीकडचं, पिशव्यांवर नाव नाही. भाकऱ्या त्यांनी शेजारणीकडून करून आणल्या, माझ्या डोळ्यांवर माझाच पदर बांधला आणि तुकडे भरवायला आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बसवलं. कुठला तुकडा कुठल्या पिठाचा, हे मालकांनाही सांगितलं नव्हतं. भरवणाऱ्याला माहीत असलं की त्याच्या हातावरून खाणाऱ्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं. एक-दोनदा नशिबानं बरोबर येतं, म्हणून पुष्कळ वेळा करायचं, हेही त्यांचंच. निम्मे तुकडे माझे चुकले. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच चुकले असते, असं मॅडम म्हणाल्या आणि मालक हसून हसून भिंतीला टेकले. मी आठवडाभर मॅडमना भाकरी दिली नाही. मंगळवेढ्याची ज्वारी ती मंगळवेढ्याची, हे माझं मत आजही तेच आहे.

आमचे मालक टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. जन्म सगळा तिथेच गेला. काम सोडलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायला लागले आणि बोलणं गेलं. तोंडातून एकच शब्द यायचा, "चला." भूक लागली तरी चला आणि राग आला तरी चला. भेटायला आलेली माणसं ओळखलं का, ओळखलं का, असं मोठ्यानं विचारायची. मालक सगळ्याला मान हलवायचे. माणसं बाहेर जाऊन एकमेकांकडे बघायची.

मुलगा दत्ता पुण्याला कंपनीत आहे. तो आला, बापासमोर बसला, दोन दिवस बघितलं आणि मला म्हणाला, "आई, आप्पांचं डोकं गेलंय. तुला एकटीला न्हाय झेपायचं. माढ्याला काकाकडं ठिवू." माढ्याला दिराच्या मळ्यात गोठ्याला लागून एक खोली आहे. ती मला माहीत होती. डोकं गेलेलं माणूस अशा खोलीत ठेवलं, की ताट आत सरकवतात आणि माघारी फिरतात. मी सांगितलं, त्यांना सगळं कळतं. दत्ता म्हणाला, काही कळत नाही. दोघंही आवाज चढवून बोललो, आणि ज्यांच्याबद्दल बोलत होतो ते मधे बसून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

मी मॅडमना बोलावून आणलं. शिकलेली बाई सांगेल तर पोरगा ऐकेल, एवढाच माझा विचार. पण त्यांनी उंबऱ्यातच विचारलं, कशावरून कळतं म्हणता, मावशी?

माझ्याकडे उत्तर तयार होतं. परातीत किल्ली, कंगवा, वाटी आणि काडेपेटी ठेवली. मालकांना म्हटलं, किल्ली द्या. त्यांनी डाव्या हाताने किल्ली दिली. कंगवा म्हटलं, कंगवा दिला. काडेपेटी म्हटलं, काडेपेटी. मी मॅडमकडे बघितलं, तर त्या मालकांकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"आता त्यांच्याकडं पाठ करा, मावशी, आणि सांगा."

मी भिंतीकडे तोंड करून किल्ली म्हटलं. मागे वळले तर मालकांच्या हातात वाटी. कंगवा म्हटलं तर पुन्हा वाटी. काडेपेटी म्हटलं तर किल्ली. मॅडम म्हणाल्या, तुम्ही ज्या वस्तूचं नाव घेता तिच्याकडे बघता, हनुवटीही तिकडेच वळते. तुम्हाला ते कळत नाही, पण त्यांना कळतं. ते तुमचा चेहरा वाचतायत. शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

मला इतका संताप आला, की परात मी लाथेनेच सरकवली. "तुमाला बोलवलं कशाला आन तुमी केलं काय?" म्हटलं. दुसरी बाई असती तर निघून गेली असती. मॅडम खाली बसल्या, काडेपेटी उचलून परातीत ठेवली आणि म्हणाल्या, "मला तुमच्याच बाजूनं बोलायचंय. पण मी काय बोलतेय ते मला आधी माहीत पाहिजे."

दत्ताला तेवढंच पाहिजे होतं. म्हणाला, मग मी म्हणत होतो तेच की, डोकं गेलंय. मॅडम त्याच्याकडे वळल्या आणि कानडीत बोलायला लागल्या. सावकाश, गोड आवाजात, चांगलं लांबलचक. दत्ताला कानडीचं अक्षर येत नाही. पण मोठं माणूस बोलतंय म्हणून तो हसतमुखाने मान हलवत राहिला. बोलून झाल्यावर मॅडम मराठीत म्हणाल्या, "मी तुम्हाला उठून तांब्याभर पाणी आणायला सांगितलं. तुम्ही मान हलवली आणि बसून राहिलात. तुमचं डोकं गेलंय का?"

दत्ता लाल झाला. उठला आणि पाणी घेऊन आला.

तरी मॅडमचं समाधान नाही. एकदाच बघितलेलं त्या खरं धरतच नसत. माणूस दमलेला असेल, लाजला असेल, आपणच चुकलो असू. म्हणून पुढचे काही दिवस सकाळी कॉलेजला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर त्या आमच्याकडे यायच्या. आधी कान बघितले. मागाच्या धडधडीत जन्म काढलेला माणूस, नुसता बहिराच झाला नसेल कशावरून? मालकांच्या पाठीमागे तव्यावरचं झाकण टाकलं, तर ते दचकून वळले. कान शाबूत होते. मग मी मागे बसून वस्तूंची नावं घ्यायची, बरोबर आलं की मॅडम एका वाटीत भुईमुगाची शेंग टाकणार, चुकलं की दुसऱ्या वाटीत. चुकीची वाटी रोज भरायची. रोज आम्ही तिघं त्या शेंगा सोलून खायचो. दत्ताने रजा वाढवून घेतली होती. तो दारात उभा राहून बघायचा, पण शेंगेला हात लावायचा नाही.

हे असं का होतं, ते मॅडमनी मला भेजा आणून दाखवलं. बकऱ्याचा, मटणाच्या दुकानातून. पाटावर केळीचं पान घालून त्याच्या दोन फोडी केल्या. म्हणाल्या, ही डावी बाजू शरीराची उजवी अंगं चालवते, उजवी डावी चालवते. माणसाचं बोलणं आणि शब्द समजणं बहुतेक करून डावीकडे असतं. यांचं डावीकडे रक्त अडकलं, म्हणून उजवा हातही गेला आणि शब्दही गेले. चेहरे ओळखणं, आवाजातला राग, माया, चाल, हे पुष्कळसं उजवीकडे, ते राहिलंय. मी विचारलं, बकऱ्याचं बोलणं कुठं असतं मग? बकऱ्याला बोलणंच नाही, तर ती जागा त्याला कशाला, म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्या गल्लीत बऱ्याच जणांचं असंच असणार. मॅडम एवढ्या हसलेल्या मी एरवी बघितल्या नाहीत. नंतर तो भेजा मी कांद्यावर परतला आणि सगळ्यांनी खाल्ला.

एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, शब्द सोडून मालक कधी कशाने बोलायचे? मी म्हटलं, गडीमाणूस आणखी कशानं बोलणार. कारखान्यात तर कुणालाच बोलता येत नाही, शेजारच्या मागावरचं ऐकू येत नाही, तिथं सगळं हातानंच. मॅडमची मान पुढे आली. हातानं म्हणजे कसं? मला कुठलं माहीत. मी डबा द्यायला गेटपर्यंत गेलेली बाई.

म्हणून नरसय्याला बोलावलं. नरसय्या पद्मशाली विणकर, घरात तेलुगू, मालकांच्या शेजारच्या मागावर कितीतरी वर्षं. आजारपणात तो एकदाच येऊन गेला होता. काय बोलावं ते न सुचल्यामुळे पुन्हा आला नव्हता. मॅडमनी त्याला तोंडाने एक अक्षर बोलू नका म्हणून सांगितलं. तो खोलीच्या त्या टोकाला उभा राहिला आणि दोन बोटं कात्रीसारखी हलवली, म्हणजे धागा तुटला, हे मला मागाहून कळलं. मालक ताठ बसले. नरसय्याने अंगठा तोंडाकडे नेला. मालकांनी डावा हात नाही म्हणून हलवला आणि चुलीकडे बोट दाखवलं. नरसय्या म्हणाला, "मी इचारलं चहा घेणार का. तर म्हणतो, घरातच होणाराय."

मग मालकांनी डाव्या हाताचं बोट ओठावर आडवं, मिशीसारखं फिरवलं आणि दारातल्या दत्ताकडे दाखवलं. नरसय्याला हसू आवरेना. दत्ता म्हणाला, काय म्हणाले आप्पा? नरसय्या सांगेना. मी दटावलं तेव्हा बोलला.

"म्हणतो, मुकादम आलाय, जपून ऱ्हावा."

दत्ता हसला, आणि हसता हसता बापाच्या पायाशी जाऊन बसला. माढ्याचं नाव त्यानंतर त्याने काढलं नाही. मॅडम मात्र एवढ्यावर उठल्या नाहीत. मला आणि दत्ताला बाहेर काढून त्यांनी नरसय्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं, दुसऱ्या दिवशीही घेतलं. बरोबरची वाटी भरली तेव्हा आम्हाला आत बोलावलं. त्या शेंगा दत्तानेही खाल्ल्या.

पुढे रोज संध्याकाळी नरसय्या यायचा आणि मला हाताची भाषा शिकवायचा. कारखान्यात भाजी, गोळ्या, अंघोळ यांना खुणा नव्हत्या, त्या आम्ही घरात पाडल्या. मी हाक मारणं, ओरडून सांगणं, एकच गोष्ट चारदा सांगणं बंद केलं. मालकांची चिडचिड निम्म्यावर आली. ते डाव्या हाताने भाकऱ्या रचून बांधून द्यायला लागले. बोलणं परत येईल का, असं मी मॅडमना विचारलं होतं. सगळे नातेवाईक येईल येईल म्हणत होते. मॅडम म्हणाल्या, माहीत नाही. पुढे दोन-चार शब्द आले. माझं नाव आलं नाही. मला बोलवायचं असलं की मालक मांडीवर तळवा थापायचे, भाकरी थापल्यासारखा. गल्लीतली पोरंसुद्धा मला तसं बोलवायला लागली, तेव्हा मी एकाच्या पाठीत घातली.

अशी बरीच वर्षं निघाली. मॅडम निवृत्त होऊन अक्कलकोटला भावाकडे गेल्या. जाताना रडारड झाली नाही, त्यांनाही आवडत नव्हती आणि मलाही. फोनवर बोलणं व्हायचं. माझी अर्धी वाक्यं त्या अडवायच्या.

मग मालकांना दुसरा झटका आला. दवाखान्यात शुद्धीवर आले नाहीत. मी उशाशी बसून त्यांचा डावा हात धरला होता. एकदा त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली, दुखावं इतकी. दुसऱ्या दिवशी गेले. घरी आलेली प्रत्येक बाई मला तेच सांगत होती, तुला ओळखलं म्हणून धरला हो हात, तुझा निरोप घेतला. जाऊबाई तर रडत रडत सांगत होती, जशी काही तीच उशाशी होती.

मॅडम एसटीने आल्या. बाहेर बायकांत बसल्या नाहीत, आत माझ्याजवळ येऊन बसल्या. मी त्यांना सांगितलं आणि विचारलं, "मला वळखून धरला का वो हात?"

त्या म्हणाल्या, "माहीत नाही, मावशी. बेशुद्ध माणसाच्या तळव्याला काही लागलं की मूठ कधी कधी आपोआप वळते, तान्ह्या लेकरासारखी. ओळखून वळली का नुसती वळली, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही." आणि थोड्या वेळाने, "पण त्याच्या आधीची सगळी वर्षं ते तुम्हाला ओळखत होते, हे मी कुणापुढंही सांगीन. ते आपण बघितलंय."

बाहेर सगळ्यांना सगळं माहीत होतं. या एका बाईने मला माहीत नाही म्हणून सांगितलं, म्हणून तिचं पुढचं वाक्य मी खरं धरलं. शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात सकाळपासून तसंच झाकून ठेवलं होतं. मी ते जवळ ओढलं, मॅडमना वाढलं आणि स्वतः जेवले.