खंड्याचं आजोळ

दिल्लीत आल्यापासून लोक सुरेखाबाई मुजुमदारांना बंगाली समजत आले होते. आडनावाचा दोष, दुसरं काय. दर वर्षी दुर्गापूजेच्या वर्गणीला मंडळी दारात हजर व्हायची. बाई मुकाट्याने पावती फाडू द्यायच्या आणि मग सगळ्यांना सोफ्यावर बसवून आपण मूळच्या वाईकडच्या कशा, आपल्याकडे गणपती कसा असतो, गौरी कशा असतात हे साग्रसंगीत सांगायच्या. मंडळी चहा पिऊन, मान डोलावून जायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायची.

बाईंना हे फार लागायचं, कारण दुसऱ्याचं मूळ ओळखण्यात आपला हात कुणी धरणार नाही अशी त्यांची खात्री होती. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मराठी मंडळाचा वधूवर विभाग हातात घेतला आणि दिल्ली, नोएडा, फरिदाबादेतली झाडून सगळी लग्नाळू मुलंमुली त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली. वडिलांकडचं कुणीही रंगवून सांगतं, असं त्यांचं म्हणणं. आईकडचं मात्र माणूस ताटावर बसला की आपोआप बाहेर येतं. म्हणून त्या मुलाला पहिल्यांदा जेवायला घालत आणि त्यावरून त्याचं आजोळ सांगत. एकाच्या भात कालवण्यावरून त्यांनी त्याची आई बेळगावची ठरवली होती. ती निघाली सोलापूरची. मग तिचे आईवडील बेळगावहून सोलापुरात गेलेले असणार, असं म्हणून बाईंनी तो विषय मिटवला.

पैसे भरून विसरून गेलेला, दिल्लीच्या टोकाच्या द्वारकेतला फ्लॅट एकदाचा ताब्यात आला तेव्हा नवीन शतक नुकतंच लागलं होतं. मेट्रो अजून कागदावर होती, पाणी टँकरने यायचं, आणि गच्चीवरून पाहिलं तर समोरच्या सेक्टरात इमारतींच्या ऐवजी नीलगायी चरताना दिसायच्या. पण सोसायटीचं नाव इंग्रजी होतं आणि फाटकावर कारंजं होतं. कारंज्यात पाणी नव्हतं, ते सोडा.

तिथे एका रविवारी मुजुमदारांची मुलगी देविका एक पिल्लू घेऊन आली. देविका नोएडातल्या एका टीव्ही चॅनेलमध्ये नोकरी करायची, तिथल्याच कुणीतरी तिला बेवारशी जनावरांच्या शेल्टरमध्ये नेलं होतं. पिल्लू पिवळट रंगाचं, मूठभर आणि कमालीचं घाबरलेलं होतं. शेल्टरमधल्या माणसाने सांगितलं होतं की हा अल्सेशियन आहे, थोडा मिक्स असेल, पण आहे अल्सेशियनच. "आई, तो बिल्कुल शरीफ आहे, यार. रडतपण नाही," देविका म्हणाली. मुलीच्या मराठीची पार वाट लागली आहे, हे बाईंना त्या क्षणी सुचायला हवं होतं, पण त्या पिल्लाकडे बघत होत्या. त्यांनी त्याचं नाव खंडेराव ठेवलं. खंडोबाजवळ कुत्रा असतोच, शिवाय नावाला वजन आहे. हाक मारायला मात्र खंड्या.

देविका सकाळी जायची ती रात्री यायची. विश्वासराव, म्हणजे बाईंचे यजमान, पेपरात डोकं घालून बसायचे. त्यामुळे खंड्या बाईंचाच झाला. त्या स्वयंपाक करू लागल्या की तो ओट्याखाली, त्या फोनवर स्थळं जुळवू लागल्या की तो त्यांच्या पायावर. निवृत्तीनंतर घरात आपल्याला कुणी विचारत नाही अशी जी खंत बाईंना होती, ती त्याने पार घालवून टाकली. त्यांनी बाथरूमचं दार लावलं तरी तो बाहेर उभा राहून विचारायचा.

फक्त तो अल्सेशियन काही होईना. वर्ष उलटलं तरी तो गुडघ्याच्या वर गेला नाही. अंग पिवळं, तोंड निमुळतं, पाय काटकुळे आणि शेपूट मात्र भलतीच झुबकेदार, पाठीवर वळून पडलेली. पुढून पाहिलं तर फाटकावरचा कुत्रा आणि मागून पाहिलं तर कुण्या संस्थानिकाच्या दरबारातला. बाईंनी सगळ्या सोसायटीला अल्सेशियन म्हणून सांगून ठेवलं होतं. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, देशी आहे, बरोबर आणखी काहीतरी आहे. काय आहे, ते त्यालाही सांगता येईना.

तेव्हा बाईंनी आपली पद्धत लावली. खंड्याला पिठलं दिलं, त्याने हुंगून तोंड फिरवलं. पोहे दिले, तो उठून गेला. आमटीभात समोर ठेवला तर असा चेहरा केला की बाईंनाच अपराधी वाटलं. पण रविवारी शेजारून राजम्याचा वास आला की खंड्या दाराशी जाऊन रडायचा. पनीरचा तुकडा दिसला तर मागच्या दोन पायांवर उभा राहायचा, आणि पोळीला तूप नसेल तर पोळीला तोंड लावायचा नाही. बाईंनी पंधरवडाभर निरीक्षण केलं आणि एका दुपारी निकाल जाहीर केला.

"याचं आजोळ पंजाबी आहे."

विश्वासरावांनी पेपर खाली ठेवला. कुत्रा पंजाबी नसतो, असं त्यांनी शक्य तितक्या सौम्यपणे सांगितलं. बाई म्हणाल्या, तुम्हाला सोलापूरच्या वेळीही असंच वाटलं होतं. सोलापूरच्या वेळी आपलं बरोबर होतं, हे विश्वासरावांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण इतक्या वर्षांच्या संसारात माणूस काहीतरी शिकतोच.

इथवर सगळी गंमत होती. मग सोसायटीच्या अध्यक्षांनी नोटीस लावली.

अध्यक्ष म्हणजे सभरवालसाहेब. सर्वांत वरच्या मजल्यावर राहायचे. बाथरूमच्या नळांचा धंदा होता आणि देशात बाहेरचा माल यायला लागल्यापासून तो चांगलाच फळफळला होता. त्यांच्या घरातला एसी जपानी, टीव्ही कोरियन, आणि कुत्री चंडीगढहून आणलेली अस्सल पांढरीशुभ्र पामेरियन. तिचं नाव पर्ल. ती खाली कधीच उतरत नसे. तिला फिरवायचं ते गच्चीवर. आपल्या सोसायटीला दर्जा यावा, फ्लॅटचे भाव चढावेत, यासाठी सभरवाल दिवसरात्र झटत. त्या झटण्यात त्यांना सुचलं की ब्रीडवाले कुत्रे पाळायला हरकत नाही, पण सडकछाप कुत्रे घरात ठेवले तर गिऱ्हाईक काय म्हणेल? ज्यांच्याकडे कुत्रे असतील त्यांनी येत्या रविवारच्या सभेला ते घेऊन यावं. देशी ठरेल तो महिनाअखेर सोसायटीतून बाहेर.

बाईंनी नोटीस दोनदा वाचली. बाहेर म्हणजे कुठे? पुन्हा त्या शेल्टरमध्ये? गादीवर उशी घेऊन झोपणारा हा, तिथे त्याला तूप कोण लावून देणार? त्यांनी खंड्याला जवळ ओढलं आणि चक्क रडल्या. खंड्याने त्यांचा चष्मा चाटून काढला. मग त्या उठल्या. आतापर्यंत कितीतरी अवघड मुलं त्यांनी बोहल्यावर चढवली होती. हाही चढेल.

शनिवारी त्यांनी त्याला शिकेकाईने न्हाऊ घातलं. अल्सेशियनचे कान उभे असतात म्हणून खंड्याचे कान पंच्याने डोक्यावर बांधून ठेवले. दातदुखीचा रोगी दिसत होता बिचारा. सकाळी पंचा सोडला तेव्हा एक कान उभा राहिला. दुसरा पडला तो पडलाच. एका बाजूने बघितलं तर चालेल, असं विश्वासराव म्हणाले. बाई त्याला सभेत सतत डाव्या बाजूने दाखवायचं असं ठरवून निघाल्या.

सभा खालच्या हिरवळीवर होती, म्हणजे हिरवळ जिथे होणार होती तिथे. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, माइक. एक लॅब्रेडोर आणि एक बुटका डॅशहुंड आधीच पास झाले होते. खरा ब्रीड कसा असतो ते लोकांना कळावं म्हणून सभरवालांनी पर्लला मुद्दाम खाली आणलं होतं. तिला रेशमी फीत बांधून ते तिला कडेवर घेऊन उभे होते. शेजारी त्यांच्या पत्नी, कमलेशजी. या बाई घरात मोठ्याने बोलतात म्हणे, पण बाहेर कुणी त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

सुरेखाबाई खंड्याची डावी बाजू पुढे करत आल्या. सभरवालांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या झुबकेदार शेपटीवर त्यांची नजर जरा जास्तच वेळ थांबली. मग त्यांनी घसा साफ करून विचारलं, "ये अल्सेशियन है?"

बाई उत्तर देणार तेवढ्यात पर्लने सभरवालांच्या कडेवरून उडी मारली.

ती सरळ खंड्याकडे गेली. खंड्या एरवी मांजर दिसलं तरी बाईंच्या मागे लपणारा, पण आज तो जागच्या जागी जमिनीला चिकटला आणि बारीक आवाजात कुंकूं करू लागला. पर्लने त्याला हुंगलं, एकदा, पुन्हा एकदा. मग त्याच्या मानेवर पंजा ठेवून ती त्याचं तोंड चाटायला लागली. डोळे चाटले, नाक चाटलं, उभा राहिलेला कान चाटून पाडला. खंड्या हलला तशी त्याच्यावर गुरकावली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिच्यापेक्षा दुपटीने मोठा तो, पण डोळे मिटून निमूट पडून राहिला. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, रिश्ता पक्का समझो.

बाई मात्र हसल्या नाहीत. मुलगी बघण्याचे, मुलगा बघण्याचे इतके कार्यक्रम त्यांनी पाहिले होते, की ही चाल त्या झोपेतही ओळखतील. पाहुण्यांपुढे बसायच्या आधी आपल्या पोराला कोपऱ्यात ओढून पदराने खसाखसा तोंड पुसते ती आई असते. मावशी नाही, आत्या नाही. त्यांनी पर्लवरून नजर उचलली आणि कमलेशजींकडे पाहिलं. कमलेशजी ओढणीने डोळे टिपत होत्या. मग सभरवालांकडे पाहिलं. सभरवाल समोशांकडे बघत होते.

वरचा मजला. चंडीगढची पर्ल. राजमा, पनीर, तूप. बाईंना सगळा वंशवृक्ष एका झटक्यात दिसला आणि त्यांना गहिवरून आलं, थोडं खंड्यासाठी आणि थोडं आपलं अनुमान बरोबर निघालं यासाठी. हे सगळं माइकवरून सांगता आलं असतं. विश्वासरावांना तर वाटलं, आता ही सांगणार आणि आपल्याला दुसरा फ्लॅट बघावा लागणार. पण कुठल्याही घराची झाकली मूठ चारचौघांत उघडायची नाही, हा बाईंचा नेम होता. त्यांनी माइक हातात घेतला.

"अल्सेशियन नहीं है," त्या म्हणाल्या. "हमसे गलती हुई. बाप का पता नहीं चला. लेकिन माँ बहुत अच्छे घर की है. नाम बताऊँ?"

"नहीं, नहीं," सभरवाल घाईघाईने म्हणाले. "माँ अच्छे घर की है तो... ठीक है ना. बच्चा माँ के ऊपर ही जाता है."

हेच तर बाई जन्मभर सांगत आल्या होत्या. अध्यक्षांनी खंडेराव पास झाल्याचं जाहीर केलं, आणि कोण ब्रीडवाला कोण देशी हे ठरवण्याची भानगड पुढच्या समितीवर सोडावी असंही सुचवलं. लोकांना समोशांची घाई होती, कुणी विरोध केला नाही. पर्लला उचलून न्यायला मात्र बराच वेळ लागला, कारण खंड्याचा दुसरा कान अजून व्हायचा होता.

संध्याकाळी कमलेशजी राजम्याचा डबा घेऊन मुजुमदारांकडे आल्या आणि दार लावून घेतल्यावर त्यांचा आवाज किती मोठा आहे ते कळलं. मागच्या इमारतीचं बांधकाम अजून चालू असतानाची गोष्ट. फाटकाशी वाळूच्या ढिगावर एक पिवळा कुत्रा असायचा, मजुरांनी पाळलेला, रुबाबदार. पर्ल तेव्हा खाली फिरायला जायची. पुढे काय झालं ते सांगायला नको. तीन पिल्लं झाली. लोक काय म्हणतील या भीतीने सभरवालांनी ती एका खोक्यात घालून ड्रायव्हरबरोबर शेल्टरला पाठवली. पर्ल आठवडाभर जेवली नाही आणि कमलेशजी महिनाभर नवऱ्याशी बोलल्या नाहीत. सांगताना त्या पुन्हा रडल्या. बाईंनी त्यांना खुर्चीत बसवून हळदकुंकू लावलं, ओटी भरली. मुलाच्या आजोळची बाई पहिल्यांदा घरी आली होती, रिकाम्या हाताने कशी पाठवणार? खंड्याने तेवढ्यात डबा साफ केला.

त्यानंतर खंड्या रोज दुपारी वरच्या मजल्यावर जाऊ लागला. सोसायटीत याबद्दल कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं म्हटलं तर ते अध्यक्षांनाच विचारावं लागलं असतं. सभरवाल मात्र बाई समोर दिसल्या की रस्ता बदलायचे.

एका दुपारी बाई खंड्याला आणायला निघाल्या आणि लिफ्टमध्ये नेमके सभरवाल. दार बंद झालं होतं, पळायला जागा नव्हती. ते दाराकडे तोंड करून उभे राहिले. अर्ध्यावर गेल्यावर ते मागे न बघता हळूच म्हणाले, "मुजुमदार जी, आप तो सबका पता लगा लेती हैं. वो बाकी दो... उनका कुछ पता लगेगा?"

बाईंनी पर्समधून पेन काढलं. "देखने में कैसे थे, वो बताइए," त्या म्हणाल्या.

आणि सभरवाल सांगायला लागले. एक पांढरी होती, तिच्या डाव्या डोळ्यावर तांबूस डाग होता, ती नेहमी शेवटी दूध प्यायची. दुसरा काळपट, त्याला पोटावर हात ठेवल्याशिवाय झोप लागायची नाही, म्हणून ते स्वतः ठेवायचे, कमलेशला माहीत नाही. लिफ्ट वर पोचली, दार उघडलं, पुन्हा मिटलं, तरी ते सांगतच होते.